मुळशीच्या पायवाटा कोणाच्या?

मृगाचा पाऊस स्थिरावला, की पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर शनिवारी-रविवारी मोटारींची आणि दुचाक्यांची रांग लागते. मुळशीचा विस्तीर्ण जलाशय, घाटमाथ्यावरून कोसळणारे धबधबे, अंधारबनाची दाट झाडी, प्लस व्हॅली या नावाने ओळखली जाणारी खोल दरी, कोरीगड, घनगड, कैलासगड यांसारखे किल्ले आणि तैलबैलाच्या उभ्या कातळभिंती ही सारी आकर्षणे पुणे व पिंपरी-चिंचवडपासून दिवसभरात जाऊन परतता येईल एवढ्या अंतरावर आहेत. सहा दिवस कचेरीत वा वर्गात कोंडलेल्या माणसाने सातव्या दिवशी मोकळ्या हवेचा शोध घ्यावा, यात गैर असे काहीच नाही. उलट, ज्या समाजाला आपले डोंगर आणि आपली राने पायी तुडवून ठाऊक आहेत, तोच समाज ती राखण्याची काही आस्था बाळगू शकतो. तथापि या वाटा ज्या गावांतून, ज्या भातखाचरांच्या बांधांवरून आणि ज्या रानांतून जातात, त्या गावांचे या सर्व व्यवहारात स्थान काय, हा प्रश्न दर पावसाळ्यात अनुत्तरित राहतो. गर्दी, अपघात, बंदी आणि पुन्हा गर्दी या चक्रात तो कोणी विचारीतही नाही.

मुळात या वाटा पर्यटनासाठी निर्माण झालेल्या नाहीत. तैलबैलाच्या पठारावरून वाघजाई घाटाने उतरणारी वाट ठाणाळ्याच्या लेण्यांकडून कोकणात पोचते. सवाष्णीच्या घाटाची वाट सुधागडाच्या परिसरात उतरते. ठाणाळे आणि खडसांबळे येथील बौद्ध लेणी अशा घाटवाटांच्या पायथ्याशी आहेत, हा योगायोग नव्हे. जेथे व्यापारी तांड्यांचा राबता, तेथे विहारांना आश्रय, असा तो संबंध होता. पुढेही शतकानुशतके कोकणातील मीठ आणि मासळी याच वाटांनी वर येई आणि घाटावरचे धान्य खाली जाई. तांडे थांबल्यावर या वाटा मोडल्या नाहीत याचे श्रेय महादेव कोळी, धनगर, कातकरी आणि मावळातील शेतकरी यांना आहे. गुरे चारण्यासाठी, हिरडा-मध गोळा करण्यासाठी, लेकीला सासरी पोचविण्यासाठी त्यांनी त्या चालत्या ठेवल्या. पिंपरी गावापासून निघून रायगड जिल्ह्यातील भिऱ्याला उतरणारी अंधारबनाची सुमारे १३ किलोमीटरची वाट आज हजारो लोक हौसेने चालतात. पायवाट ही पायांनी टिकते, आणि हे पाय प्रामुख्याने स्थानिकांचे होते, एवढे तरी या ठिकाणी नमूद केले पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब

मुळशीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या जलाशयाच्या काठी उभे राहून आज छायाचित्रे काढली जातात, त्याच्या तळाशी गावे आहेत. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधावयास घेतले, तेव्हा सुमारे ५० गावांच्या जमिनींवर गदा आली. कंपनीसाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो सविस्तर अभ्यास केला, त्याच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. जमिनीवर कागदोपत्री मालकी असलेल्या सावकारवर्गाला मोबदल्याची वाट दिसत होती. जे प्रत्यक्ष जमीन कसत होते त्यांच्यापुढे मात्र कोणतीच वाट नव्हती. १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले आणि पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी पश्चिमेकडे कोकणात उतरू लागले.

या इतिहासाचा उल्लेख वीजनिर्मितीची उपयुक्तता नाकारण्यासाठी नाही. मुंबईच्या औद्योगिक वाढीला त्या विजेने हातभार लावला, हे निर्विवाद आहे. परंतु लाभ एकाच्या पदरात आणि खर्च दुसऱ्याच्या माथी, ही जी विभागणी त्या वेळी झाली, ती पुढेही या खोऱ्याचा पिच्छा सोडीत नाही. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिका नदीत कोलाडजवळ रबरी होड्यांच्या साहसी सफरींचा व्यवसाय उभा राहिला. याचाच अर्थ असा, की मुळशीच्या बुडालेल्या खाचरांवर साठलेले पाणी प्रथम वीज निर्माण करते, नंतर कोकणात करमणुकीचा व्यवसाय निर्माण करते. आणि ज्यांची खाचरे बुडाली त्यांचे वंशज यांपैकी कोणत्याच हिशेबात नाहीत. तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीची संगणक-उद्योगनगरी आणि पश्चिम टोकाला घाटावरच्या वाड्या, अशी या एकाच तालुक्याची दोन रूपे आहेत. पूर्वेकडचा पगार शनिवारी पश्चिमेकडे फिरावयास येतो. पश्चिमेकडचा तरुण सोमवारी कामाच्या शोधात पूर्वेकडे जातो.

फुकटाची किंमत

१९२० साली, म्हणजे मुळशीचा वाद पेटत असतानाच, केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांचा कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एखाद्याच्या कृतीचा खर्च त्याने न उचलता तिसऱ्याच व्यक्तीला उचलावा लागतो, तेव्हा त्या कृतीची बाजारातील किंमत खोटी ठरते, हा त्यातील एक मूलभूत विचार. ताम्हिणीतील धबधबा पाहणे ‘फुकट’ आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती अशीच खोटी किंमत असते. पाहणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पण भातलावणीच्या ऐन दिवसांत खाचरात फुटलेली काचेची बाटली ज्याच्या पायात जाते, त्याला ती किंमत मोजावी लागते. रस्त्याच्या दुतर्फा लागलेल्या गाड्यांमुळे बाळंतिणीला पौडच्या दवाखान्यात वेळेवर नेता येत नाही, ते कुटुंब ती किंमत मोजते. शेकरू आणि रानपाखरे ती मोजतात. आणि पाण्यात वाहून गेलेल्याचा देह शोधण्यासाठी दोरखंड घेऊन दरीत उतरणारे गावातील व गिर्यारोहण संस्थांतील तरुणही ती मोजतात.

यावर शासनाचा नेहमीचा उपाय म्हणजे बंदी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाजवळच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने मुळशीसह अनेक तालुक्यांतील धबधबे, धरणे व दऱ्यांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश काढले. जीव वाचविणे हे प्रशासनाचे पहिले कर्तव्य आहे आणि पुढच्याच महिन्यात ताम्हिणीत एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला हे ध्यानात घेतले, तर अशा दिवशी रान बंद ठेवणेच शहाणपणाचे. मात्र सरसकट बंदीचा आर्थिक परिणाम कोणावर होतो, हेही पाहिले पाहिजे. भाजलेले कणीस, चहा, पिठले-भाकरी विकणाऱ्या टपरीची वर्षाची कमाई पावसाळ्याच्या दहा-बारा आठवड्यांत व्हावयाची असते. वाटाड्या म्हणून जाणाऱ्या तरुणाचेही तसेच. बंदीने त्यांचा हंगाम बुडतो. कुंपणाच्या आत पोहण्याचा तलाव आणि खासगी धबधबा असलेल्या विश्रामधामाला मात्र ती फारशी जाणवत नाही. किंबहुना बाहेरचे रान बंद झाले की आतली खोली अधिक भावाने जाते. समाजाच्या सुरक्षिततेसाठी काढलेला आदेश अशा रीतीने लहान माणसाचे उत्पन्न मोठ्याकडे वळवितो, आणि हे कोणाच्या मनात नसतानाही घडते.

दुसरा उपाय म्हणजे मोठ्या भांडवलावर विश्वास टाकणे. त्याचाही अनुभव याच तालुक्याने घेतला आहे. वरसगाव जलाशयाच्या काठी लवासा हे गिरिस्थान उभारण्याचा प्रकल्प मोठा गाजावाजा करून सुरू झाला. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबविण्याचा आदेश दिला आणि २०१८ साली तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. डोंगर कापले गेले ते परत येत नाहीत आणि विकली गेलेली जमीनही परत येत नाही. एकाच मोठ्या प्रकल्पावर खोऱ्याचे भवितव्य टांगण्यात कोणता धोका असतो, हे याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण शोधावयास दूर जावे लागणार नाही.

सामाईक मालमत्तेचा तिसरा मार्ग

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी असे प्रतिपादन केले, की सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवीत जातो आणि अखेरीस कुरणच नष्ट होते. तेव्हा कुरण एक तर सरकारच्या ताब्यात असावे, नाही तर खासगी मालकीचे व्हावे. सरकारी बंदी आणि खासगी विश्रामधामे ही या विचाराचीच दोन टोके होत. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात अनेक देशांतील कुरणे, कालवे आणि मासेमारीची उदाहरणे देऊन तिसरी शक्यता दाखविली. वापरणाऱ्या समूहाच्या सीमा ठरलेल्या असतील, नियम त्यानेच केलेले असतील, देखरेख त्याच्याच माणसांकडे असेल आणि नियम मोडणाऱ्याला हळूहळू वाढणारा दंड असेल, तर सामाईक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. सह्याद्रीतील माणसाला मात्र हा सिद्धांत अगदीच नवा वाटू नये. देवराईतील वाळके लाकूडही न तोडण्याचा गावाचा नियम, तो मोडणाऱ्याला देवीचा कोप आणि गावचा दंड, ही याच व्यवस्थेची जुनी देशी आवृत्ती होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून हे विद्वानांच्या नजरेस आणले.

प्रत्यक्ष उदाहरणेही फार दूर नाहीत. साताऱ्याजवळील कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठरविण्यात आली. नोंदणी आधी करावी लागते आणि शुल्क, देखरेख, मार्गदर्शन हे काम परिसरातील गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या पाहतात. सिंहगडावर जाणाऱ्या वाहनांकडून अशीच समिती ‘उपद्रव शुल्क’ घेते. पिगूंच्या सिद्धांताला याहून समर्पक मराठी शब्द मिळणे कठीण. या व्यवस्था निर्दोष आहेत असे नव्हे. कासवर घातलेल्या कुंपणामुळे गुरांची चराई थांबली, तिचा फुलांच्या बहरावरच विपरीत परिणाम होत असल्याची टीका झाली आणि ते कुंपण काढावे लागले. सिंहगडावर मे २०२२ मध्ये सुरू केलेली विजेवरील बसची सेवा पुरेशा तयारीअभावी काही दिवसांतच गुंडाळावी लागली. परंतु चूक दिसली की नियम बदलता येतो, हाच स्थानिक व्यवस्थेचा गुण आहे. धरण बांधून झाल्यावर तसे करता येत नाही.

मुळशीत काय करता येईल

पहिली गोष्ट, पायवाटांची नोंद. शेतजमिनींचे तुकडे पडून तेथे बंगले आणि तारेची कुंपणे उभी राहू लागली, की सर्वप्रथम वाट अडते. ती अडली की गुराख्याला फेरा पडतो आणि पर्यटक धोक्याच्या कड्यावरून नवी वाट पाडतो. महाराष्ट्रात याबाबत कायदा नाही असे नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यान्वये वहिवाटीच्या वाटेतील अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही बांधावरून रस्ता देण्याची तरतूद आहे. उणीव आहे ती नोंदींची. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. १९३२ साली किंडर स्काउट या डोंगरावर कामगार तरुणांनी बंदी मोडून जो सामूहिक प्रवेश केला, त्या चळवळीची त्यामागे प्रेरणा होती. मुळशी तालुक्यातील गावनकाशांवर तुटक रेषांनी दाखविलेल्या वाटा आणि वृद्धांच्या स्मरणातील घाटवाटा एकत्र करून असा नकाशा तयार करणे, हे काम पुण्यातील महाविद्यालयांच्या भूगोल विभागांना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना सहज झेपणारे आहे.

दुसरी गोष्ट, मर्यादा आणि शुल्क. ताम्हिणी परिसरातील सुमारे ५० चौरस किलोमीटर क्षेत्र २०१३ साली अभयारण्य घोषित झाले आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात पर्यटनासाठी जाण्यास परवानगी लागते. म्हणजे मर्यादा घालण्याचा अधिकार वनखात्याकडे आहेच. तो गावांच्या समित्यांसह वापरावयाचा आहे. समजा, एका वाटेवर दिवसाला ५०० जणांनाच सोडले, प्रत्येकी १०० रुपये घेतले आणि हंगामात असे ३० दिवस मिळाले, तर १५ लाख रुपये जमा होतात. घाटावरच्या लहान गावाच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नाही. तीतून कचरा उचलणारे, वाटेवर उभे राहणारे आणि पाणी वाढले की लोकांना मागे फिरविणारे हंगामी कामगार नेमता येतील. मात्र ती रक्कम जिल्ह्याच्या वा राज्याच्या तिजोरीत जाता कामा नये. ती समितीच्या खात्यात राहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट, वाटाड्याचे काम. वीस-पंचवीस जणांच्या समूहाबरोबर त्या गावचा प्रशिक्षित वाटाड्या असणे सक्तीचे करावे. शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण या दोन्ही धोरणांचा रोख मुख्यतः व्यवसाय चालविणाऱ्याकडे आहे. ज्याच्याकडे ना जमीन ना भांडवल, त्या कातकरी तरुणाकडे असलेले एकमेव भांडवल म्हणजे रानाचे ज्ञान. ओढ्याचे पाणी कोणत्या ढगाने किती वेळात चढते, हे त्याला ठाऊक असते. त्या ज्ञानाला मजुरी मिळाली, तर अपघातही कमी होतील.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की निसर्ग सर्वांचा आहे. त्यावर दर लावणे म्हणजे गरीब विद्यार्थ्याला बाहेर ठेवणे. हा आक्षेप गंभीर आहे. भूतानने २०२२ साली परदेशी पर्यटकावर दररोज २०० डॉलरचा कर बसविला, आणि वर्षभरातच तो निम्म्यावर आणावा लागला. तसा मार्ग मुळशीला शोभणारा नाही. येथे शुल्क माणसापेक्षा मोटारीवर अधिक असावे, एस.टी.ने येणाऱ्याला ते नाममात्र असावे आणि शाळा-महाविद्यालयांच्या सहलींना माफ असावे. खरे तर आजची व्यवस्थाच गरीब विद्यार्थ्याच्या विरोधात आहे. बंदीच्या दिवशी तो माघारी फिरतो. विश्रामधामात खोली घेणारा नव्हे.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांच्या क्षमतेविषयीचा. समितीत गटबाजी होईल, पैसा दोन-चार पुढाऱ्यांच्या खिशात जाईल, असे शहरात सर्रास म्हटले जाते. ही भीती अगदीच निराधार नाही. सहकाराचा महाराष्ट्रातील अनुभव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो प्रश्न पडणारच. पण त्यावर उत्तर हिशेब उघडा करण्यात आहे, अधिकार नाकारण्यात नाही. रोजची जमा चावडीवरील फळ्यावर लिहावी, वर्षाचा हिशेब ग्रामसभेत वाचावा, समितीत निम्म्या जागा स्त्रियांना आणि काही जागा कातकरी वस्तीला राखून ठेवाव्यात, सलग दोनदा कोणी अध्यक्ष होऊ नये. एवढे नियम तरी आरंभीच करता येतील. गावाला कारभार जमणार नाही, म्हणून तो त्याच्याकडे देऊ नये, हा युक्तिवाद शंभर वर्षांपूर्वी साऱ्या देशाविषयी केला जात होता, हेही विसरू नये.

१९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. लोकहिताची व्याख्या मुंबईत आणि पुण्यात ठरली, आणि खोऱ्याने ती सोसली. आज खोऱ्यावर पाण्याचे नव्हे तर माणसांचे लोंढे येत आहेत आणि पुन्हा एकदा निर्णय बाहेर होत आहेत. कधी बंदीचे, कधी बांधकामाच्या परवानगीचे. फरक एवढाच, की या वेळी वेळ गेलेली नाही. पुढील पावसाळ्यापूर्वी अंधारबनासारख्या एखाद्या वाटेवर वनखाते, तहसील कचेरी आणि लगतच्या दोन-तीन गावांच्या ग्रामसभा यांनी मिळून एक हंगाम हा प्रयोग करून पाहावा. त्याला धरणाइतके पैसे लागणार नाहीत आणि तो फसला तर कोणाचे घर बुडणार नाही. त्याचा हिशेब मात्र त्याच गावांच्या चावडीवर मांडला जावा.